काळी की पिवळी

दोन्ही आठ दिवसांच्या बोलीवर आणल्यात,
रबाळ्याच्या कोळंबकरांकडून.
महापे, सहावा मजला, पूर्वेची अर्धी बाजू,
चौऱ्याऐंशी बोर्ड भिंतीला, छत वेगळं.
शेठ म्हणाले, ‘हेमांगी, एकच घेणार. कुठली ते तू सांग.’
मी वहीत दोन रकाने आखले.

काळी हलकी. ते दुकानात कळत नाही,
शिडीच्या चौथ्या पायरीवर, हात डोक्यावर असताना कळतं.
पिवळी जड, पण नाक लांब,
कोपऱ्यात, चॅनेलला घासून, तीच शिरते.
काळीची बॅटरी अडीच तास.
पिवळीची, जेवणाची सुट्टी धरून, साडेचारपर्यंत.
पट्टीत पन्नास स्क्रू, पंचवीस मिलिमीटरचे,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे,
दीड बोर्डात संपतात.
काळीत दर चौथी पट्टी अडकते.
मग मालद्याचा रफिकुल तिच्या कानाशी तोंड नेऊन
त्याच्या बोलीत काहीतरी सांगतो, आणि ती सुटते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

खरी परीक्षा कागदाची.
स्क्रूचं डोकं कागदाच्या खाली जायला हवं
आणि कागद फाटता कामा नये.
हलकीशी खळी पडावी, बस.
वरून पुट्टीची पात फिरली तर टक् वाजू नये.
कागद फाटला की आत नुसतं पीठ:
स्क्रू असतो, पकड नसते.
भिंत तेव्हा काही बोलत नाही.
दोन वर्षांनी एसीखाली भेग होऊन बोलते,
आणि तोवर आपलं बिल पास झालेलं असतं.

मी तळहात फिरवत गेले.
काळी: शंभरात चार वर राहिलेले, तीन फाटलेले.
पिवळी: सात वर. फाटलेला एकही नाही.
वर राहिलेला आत घालता येतो.

लवू मेस्त्रींना विचारलं. त्यांनी मान हलवली,
हो की नाही, कळलं नाही.
बावीस वर्षं हा माणूस कामावर बोललेला नाही.
ओठांत दहा-बारा स्क्रू, एकेक जिभेने पुढे,
एका हाताने बोर्ड दाबलेला, दुसऱ्यात ड्रायव्हर.
समोरच्या दाताला बारीक खाच.
आम्ही त्यांना अबोल समजायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पिवळी हातात,
तोंड रिकामं,
खिडकीतून पारसिककडे बघत मेस्त्री म्हणाले,
‘हो डोंगर कोणी खाल्ल्यान गो?’

टर्र.
म्हणाले, काळ्या स्क्रूची चव कडू.
टर्र.
पांढऱ्याची आंबट, बॅटरी चाटल्यासारखी.
टर्र. टर्र.
चहानंतर दोन्ही सारखेच.
एकदा एक गिळला होता, वाशीला, बँकेच्या कामात.
चार दिवस केळी खाल्ली.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.
रफिकुलला मराठी अर्धीच येते,
तो शिडी धरून पूर्ण हसला.
मग धाकट्या बहिणीचं, तिच्या दुकानाचं,
कणकवलीत कुणाच्या तरी म्हशीचं;
एकेका वाक्याला आठ इंचांचं अंतर,
ओळ सरळ, खळ्या नेमक्या.

साडेचारला पिवळी कण्हली आणि थांबली.
म्हैस विहिरीच्या काठावरच राहिली.
सवयीने मेस्त्रींचा हात कमरेच्या पिशवीत गेला,
मूठभर स्क्रू ओठांपर्यंत आले,
क्षणभर तिथेच थांबले.
मग आत.

संध्याकाळी शेठचा फोन.
‘पिवळी,’ मी म्हटलं.
‘साडेसहा हजारांनी महाग आहे. कारण?’
‘कागद फाटत नाही.’
‘बरं.’
‘आणि शेठ,
बॅटऱ्या दोन घ्या.’